चालत राहता येईल असा परवडणारा विभाग घर घेण्याआधी ओळखायचा कसा?

कुंपणावरचा:
दोन महिने घर शोधतोय. अट एकच, रोजच्या कामांना गाडी काढावी लागू नये. बजेट बेताचं, त्यामुळे नावाजलेले विभाग आधीच बाद झाले. आता एका जुन्या, जरा दुर्लक्षित भागातला फ्लॅट मनात भरलाय. एजंट म्हणतो, 'सगळं पाच मिनिटांवर आहे.' नकाशावर स्टेशन ४५० मीटर दिसतंय, शाळा त्याहून जवळ, आणि वॉक स्कोअरच्या (ठिकाण चालायला किती सोयीचं ते सांगणाऱ्या आकड्याच्या) धर्तीवर गुण देणारी एक साइट १०० पैकी ८८ देतेय.

दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा रविवारी सकाळी, एजंटच्या गाडीतून. घर पाहिलं, विभाग काही कळला नाही. तिथं ओळखीचं कुणी राहत नाही. विसार देण्याआधी नेमकं काय तपासायचं? बायको म्हणते, 'नळ सोडून बघितलास, रस्ता चालून बघितलास का?' आता काय सांगू.

उंटावरचा शहाणा:
एजंटची पाच मिनिटं म्हणजे एजंटच्या गाडीची पाच मिनिटं. पुढच्या वेळी म्हणा, 'चला, चालतच जाऊ.' आणि चेहरा बघा.

दमलेली_वाट:
कुंपणावरचे, तुमचं वाचून माझंच पहिलं घर आठवलं. माझं स्टेशनही नकाशावर असंच हाकेच्या अंतरावर होतं. मधून रुळ जात होते आणि पूल पार टोकाला. चालायला निघालं की १.३ किलोमीटर. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे सोळा मिनिटं. शिवाय पुलाच्या ४६ पायऱ्या, त्या मला अजून पाठ आहेत. तेव्हा आधी एवढंच बघा की तुमचे ४५० मीटर कावळ्याच्या सरळ उडण्याचे आहेत की माणसाच्या चालण्याचे.

गुणांकाचंही तेच. मूळ वॉक स्कोअर २००७ मध्ये आला. त्यात पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आतल्या सोयींना पूर्ण गुण असतात, मग अंतरागणिक ते कमी होत जातात आणि अर्ध्या तासाच्या चालीपलीकडे शून्य. हिशोब वाईट नाही. पण फुटपाथ उखडलाय का, दिवे लागतात का, रस्ता ओलांडता येतो का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

ओलांडण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आम्ही तिथंच फसलो. घरासमोर साधारण १८ मीटर रुंदीचा रस्ता, सिग्नलवर चालणाऱ्यांसाठी १६ सेकंद. पुष्कळ ठिकाणी ही वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरत आलेत. त्या हिशोबानं १५ सेकंद पुरतात, कागदावर सगळं बरोबर. माझी आई सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर चालायची. तिला बावीसच्या वर सेकंद लागायचे. त्यामुळे ती दर वेळी मधल्या दुभाजकावर अडकायची, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातानं खांब धरलेला, दोन्ही बाजूंनी गाड्या. औषधाचं दुकान घरापासून २०० मीटरवर होतं. वर्षभरात तिनं एकटीनं जाणं सोडलं.

दुसरं घर घेताना मी शहाणी झाले. कामाच्या दिवशी सुट्टी काढून सकाळी सव्वाआठला त्या इमारतीच्या दाराशी उभी राहिले आणि तिथं राहत असल्यासारखा दिवस काढला. स्टेशनला जाऊन आले, दवाखाना शोधला, सात-आठ किलोची पिशवी घेऊन परतले. (पिशवीत जुनी मासिकं भरली होती. लोकांनी काय समजायचं ते समजावं.) रात्री दहाला स्टेशनवरून पुन्हा चालत आले. तीच गल्ली सकाळी गजबजलेली होती आणि रात्री एका बाजूला नुसती लांबच लांब भिंत, ना खिडकी ना दार. समांतर गल्लीत तळमजल्यावर घरं होती, खिडक्यांत उजेड होता. वाट शंभर पावलं लांबची, पण मी तिथूनच येणार हे लगेच कळलं.

आणखी एक. म्हातारी माणसं चालताना कुठं बघतात ते बघा. समोर बघत, बोलत चालली असतील तर फुटपाथ बरा आहे. सगळ्यांची नजर पायाखाली असेल तर तिथं रोज कुणीतरी ठेचकाळतंय. आमच्या पहिल्या विभागात सगळे खाली मान घालून चालायचे. मला वाटायचं, लोक अबोल आहेत.

आतबट्टा:
वरचं सगळं पटलं. पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'परवडणारं' म्हणजे फक्त हप्ता नव्हे. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरते, आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत असतील तर ते ठिकाण परवडणारं मानते. तुमच्याकडे आकडा वेगळा निघेल, पण बेरीज करायची सवय चांगली. लांबचा स्वस्त फ्लॅट दुसरी गाडी घ्यायला लावतो आणि वाचलेले पैसे तिच्यात जातात.

दुसरं, भाव कमी का आहे हे कारण सापडेपर्यंत विसार देऊ नका. जुनी इमारत असेल तर छत, लिफ्ट, पाण्याचे पाइप यांवर गेल्या तीन वर्षांत काय खर्च झाला ते कागदावर मागा. आणि नियोजन खात्यात जाऊन विकास आराखडा उघडून बघा. ज्या शांत गल्लीवर तुम्ही भाळलात ती रुंद करायची रेघ तिथं आधीच मारलेली असू शकते. मग चालण्याजोगा विभाग चार वर्षांत नुसता जाण्याजोगा होतो.

उंटावरचा शहाणा:
दुरुस्तीवाले बघा. घड्याळं, चपला, शिलाई मशीन दुरुस्त करणारी दुकानं टिकून असतील तर गाळ्यांची भाडी अजून आवाक्यात आहेत आणि गिऱ्हाईक पायी येतंय. ती उठायला लागली की समजा, भाव निघाले वर.

कुंपणावरचा:
काल सुट्टी टाकून गेलो. पिशवीत मासिकं नव्हती, बायकोच्या कुंड्या नेल्या. शाळा खरंच चार मिनिटांवर. वाटेत चपला शिवणारा आणि घड्याळवाला, दोघेही हजर. लोक समोर बघून चालतात (हे बघता बघता मीच एका खड्ड्यात पाय घातला).

स्टेशनचं मात्र विचित्र आहे. मध्ये एक मोठं आवार आहे. त्याच्या भिंतीला छोटं फाटक आहे, त्यातून गेलं तर सहा मिनिटं. भिंतीला वळसा घातला तर चौदा. रखवालदार म्हणाला, रात्री आठला फाटक बंद होतं. मी साडेआठला परततो.

दमलेली_वाट:
ते फाटक कुणाचं आहे? वाट सार्वजनिक म्हणून नोंदलेली आहे की मालकाच्या मर्जीवर चालू आहे, ते आधी शोधा. मर्जीची असेल तर चौदा मिनिटंच धरा, आणि ती चौदा मिनिटं रात्री साडेआठला एकदा चालून बघा. बायकोला घेऊन.

कुंपणावरचा:
बायको म्हणते, ती आधीच निघाली होती, मीच गाडीची किल्ली शोधत बसलो होतो. उद्या जातोय. आराखड्याचं त्यानंतर कळवतो.