तुसाँ लुव्हर्त्यूर बंडाच्या वेळी गुलाम होता की नव्हता?

पुस्तकवेडी:
मुलीला शाळेत फ्रेंच राज्यक्रांती चालू आहे. तिने परवा विचारलं, आई सगळे समान म्हणाले मग त्यांच्या बेटांवरच्या गुलामांचं काय झालं? मला धड उत्तर देता आलं नाही म्हणून हैतीबद्दल (तेव्हाची फ्रेंच वसाहत) वाचायला घेतलं, तर तिथल्या गुलामांच्या बंडाचा पुढे पुढारी झालेला तुसाँ, त्याच्याबद्दल एके ठिकाणी लिहिलंय की तो 1791 च्या त्या बंडापर्यंत गुलामच होता आणि दुसरीकडे म्हणतात तो कधीच सुटला होता आणि त्याच्याच हाताखाली गुलाम होते. नक्की खरं काय? आणि त्याचं लहानपण कसं गेलं, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

सह्याद्रीकर:
ताई, लहानपणाचं मी सांगतो. जन्म साधारण 1743 चा, सँ-दोमँग म्हणजे आजचं हैती, तिथल्या काप शहराजवळचा ब्रेदा नावाचा उसाचा मळा. जन्मापासून गुलाम. वडील आफ्रिकेतल्या आलादा राज्यातून पकडून आणलेले, त्यामुळे घरात त्यांची भाषा, मळ्यावर क्रेओल म्हणजे बेटावरची मिश्र बोली आणि मालक लोकांची फ्रेंच, असं तिन्हीत वाढलेलं पोर. अंगाने इतका किरकोळ की त्याला फात्रा-बातों म्हणायचे, म्हणजे काटकुळा, काडीपैलवान म्हणा. पण घोड्यावर बसला की विषय संपला! आधी गुरं राखली, मग घोडे आणि शेवटी मळ्याच्या कारभाऱ्याची बग्गी हाकायला लागला. झाडपाल्याची औषधंही शिकला, बंडात सुरुवातीला वैदू म्हणूनच त्याचा उपयोग झाला.

लिहिणं मात्र शेवटपर्यंत कानाला ऐकू येईल तसं. फ्रेंच शब्द उच्चारावरून लिहायचा, त्यामुळे महत्त्वाची पत्रं कारकुनाला सांगून लिहून घ्यायचा आणि म्हणे एकेक वाक्य परत परत दुरुस्त करायला लावायचा. मला तो माणूस तिथेच सगळ्यात जवळचा वाटतो.

नदीकाठ:
तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, दोन्हीतलं दुसरं खरं. बंड झालं तेव्हा तो गुलाम नव्हता. जुनी कागदपत्रं 1970 च्या दशकात अभ्यासकांच्या हाती लागली त्यातून कळलं की 1776 पर्यंत तो मुक्त झालेला होता. आणि 1779 मध्ये त्याने जावयाकडून एक कॉफीचा मळा भाड्याने घेतला, त्या करारात मळ्यासोबत 13 गुलामही आहेत. दोनेक वर्षांतच तो करार संपला. ती कागदपत्रं सापडण्याआधी तर बंडापर्यंत तो गुलामच होता असंच सगळे धरून चालले होते, म्हणून जुन्या पुस्तकांत तसं सापडतं.

पुस्तकवेडी:
13 माणसं… वाचून खूप वाईट वाटलं. हे मुलीला कसं सांगायचं? सांगूच नये का?

सह्याद्रीकर:
सांगा ताई, अजिबात लपवू नका. तेव्हा बेटावर पाच लाखांच्या आसपास गुलाम, गोरे त्यांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि मधे मुक्त झालेले काळे आणि मिश्र वंशाचे लोक, त्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचे गुलाम होते. सुटलेल्या माणसाला पोट भरायला जी वाट उघडी होती ती याच व्यवस्थेतून जायची. मी त्याचं समर्थन करत नाही, त्या तेरा जणांना त्याचं काय वाटणार होतं. पण त्याचे स्वतःचे नातेवाईक तेव्हाही ब्रेदावर गुलामीतच होते, म्हणजे सुटका झाली तरी रोज तेच समोर दिसत होतं.

नदीकाठ:
आणि बंड पेटलं ऑगस्ट 1791 मध्ये तेव्हा हा पन्नाशीच्या आसपास. त्या काळात पन्नाशी म्हणजे म्हातारपणच हो. लगेच उडी मारली नाही त्याने. आधी कारभाऱ्याच्या बायकोला सुरक्षित ठिकाणी पोचवलं आणि मगच बंडखोरांच्या छावणीत गेला. लुव्हर्त्यूर हे नाव तर 1793 मध्ये घेतलं, तोवर मळ्याच्या नावावरून तुसाँ ब्रेदा. मालकाच्या मळ्याचं नाव टाकून स्वतः निवडलेलं नाव लावलं, ते मुलीला नक्की सांगा.

पुस्तकवेडी:
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्री जेवताना सांगते, 13 गुलामांसकट. सुरुवात घोड्यांपासून करते, तिला घोडे फार आवडतात.