मदत हवी आहे : क्रॉस्ली हॉटशॉटचे डिस्क ब्रेक ठेवू की ड्रम बसवू?
नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहतो. १९४९ची क्रॉस्ली हॉटशॉट ही छोटी अमेरिकी स्पोर्ट्स कार घेतली आहे. ७२४ सीसीचं इवलंसं चार सिलिंडरचं इंजिन, तेही ओव्हरहेड कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा इंजिनाच्या माथ्यावर असलेलं), गेल्या रविवारी सुरू झालं. आवाज ऐकून भरून आलं.

घोडं अडलंय ब्रेकपाशी. त्या काळात डिस्क ब्रेक म्हणजे नवलच, पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते गंजून जाम व्हायचे. माझे पुढचे दोन्ही तसेच जाम आहेत. कंपनीनेही नंतर ड्रमच दिले. तरी मूळचे काढायला जीव होत नाही. ३१ डिसेंबर १९५० रोजी फ्लोरिडातल्या सेब्रिंगची सहा तासांची शर्यत हँडिकॅपवर (लहान इंजिनाला मिळणारी सवलत धरून) जिंकली ती हॉटशॉटनेच!

मलाही ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची आहे. कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे आतलं नळीसारखं अस्तर, कोणी बसवली आहे का? शर्यतीत टिकते का?