बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख? "वकील कशाला" म्हणणाऱ्यांना उत्तर

तलावपाळी
परवा रिसेल फ्लॅटच्या खर्चावर चर्चा चालली होती, तिथे हिशेबी यांनी ठोकून दिलं: "रिसेलला वेगळा वकील कशाला? बँकेचा वकील टायटल (मालकीहक्क) बघतोच, करारनामा ब्रोकर करून देतो. वाचलेल्या पैशांत माझ्या किचनच्या ट्रॉल्या झाल्या." त्यावर लोकांनी बदाबदा अंगठे दिले. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवेना.

हिशेबीराव, बँकेचा वकील बँकेचा असतो. कर्ज थकलं तर घर विकून पैसे निघतील का, इतकंच त्याला बघायचं असतं. त्याचा रिपोर्ट बँकेच्या नावाने निघतो, तुम्हाला बहुतेक वेळा दाखवतही नाहीत, आणि फी मात्र प्रोसेसिंगच्या नावाखाली तुमच्याच खिशातून जाते. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. ब्रोकरला व्यवहार व्हायला हवा, मोडला तर त्याची दलाली गेली. मग तुमच्या बाजूने कागद वाचतं कोण?

पाचपाखाडीत आम्ही घर बघितलं तेव्हा शेअर सर्टिफिकेट थोरल्या मुलाच्या नावावर होतं. वडील गेले, हा नॉमिनी, सोसायटीने नाव चढवलं. बँकेचं मंजुरीपत्रही आलं. माझ्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "वारस किती?" निघाली डोंबिवलीला दिलेली बहीण. ब्रोकर म्हणतो, "तिची सही कशाला मॅडम, तिचं लग्न झालंय." अहो, १९५६ च्या कायद्यापासून मुलगी वडिलांची वारस आहे! नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवून आलं, मगच आम्ही पैसे दिले. विकणाऱ्याने तोंड फुगवलं. फुगवू दे.

आणि वकील इथलाच हवा, ठाण्याचा. नौपाड्याच्या जुन्या दस्तात सिटी सर्व्हेबरोबर टिका नंबर असतो. घोडबंदर रोडला कॉम्प्लेक्सचं नाव कितीही विलायती असो, दस्तात गाव ओवळे, कावेसर, कोलशेत असंच लागतं, आणि सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, त्यावरच होतो. कुठली जमीन यूएलसीतली (नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातली), कुठली कलेक्टरची वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, कुठल्या सातबाऱ्यावर वनाचा शेरा पडला होता, हे कोर्टनाक्यावर रोज बसणाऱ्याला पाठ असतं. ऐंशी लाखांच्या फ्लॅटला ठाण्यात सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार मुद्रांक भरता, वर ३० हजार नोंदणी. आणि वकिलाच्या पंचवीस हजारांपाशी आल्यावरच काटकसर आठवते?

हिशेबी
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.
दोन घरं घेतली, एक विकलं, वकील एकदाही नाही. काय वाकडं झालं? इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, ऑनलाइन दिसतो. मागचे सगळे करार मूळ प्रतीत मागून घेतले, शेजाऱ्यांशी बोललो, वॉचमनला चहा पाजला. तुमचा विकणारा वडिलांचं घर विकत होता, तिथे लावा वकील. माझा विकणारा पहिला मालक, थेट बिल्डरकडून घेतलेलं. सर्दी झाली की कोणी बायपासवाल्याकडे जात नाही.
आणि सात टक्के पुरुषांना. बायकोच्या नावावर घेतलं तर सहा. एवढं पण तुमच्या वकीलबाईंनी सांगितलं नाही?

तलावपाळी
सांगितलं. घर माझ्याच नावावर आहे. हिशेब तुमच्यासाठी केला होता.

घोडबंदर_ग्रस्त
"इथलाच हवा" याच्याशी कडक असहमत. इथला म्हणजे नक्की कोणाचा? मला बिल्डरच्या सेल्स ऑफिसमधूनच एका वकिलाचं कार्ड मिळालं होतं. "आपलेच आहेत साहेब." ओसीचं (भोगवटा प्रमाणपत्राचं) विचारलं तर म्हणाला, पंधरा दिवसांत येते. आम्ही राहायला गेलो, मुलगी पहिलीतून चौथीत गेली, ओसी अजून येतेच आहे आणि टँकरही येतोच आहे. नंतर कळलं की बिल्डरचे करारनामेही हाच पठ्ठ्या बनवायचा. ठाण्यात वकील, ब्रोकर, बिल्डर सगळे एकाच लग्नात जेवतात.
तेव्हापासून कागद फोर्टच्या वकिलाला दाखवतो. फी दुप्पट, पण माणूस कोणाच्या ताटाखालचा नाही. २०१९ ला बाबांचं चरईतलं घर विकलं तेव्हा त्यानेच केलं सगळं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यायला लावलं, वर्ष गेलं, पण काम पक्कं.

तलावपाळी
बाबांनी मृत्युपत्र कुठे केलं होतं?

घोडबंदर_ग्रस्त
ठाण्यातच. का?

तलावपाळी
मृत्युपत्र ठाण्यात, घर ठाण्यात, मग प्रोबेट कशाला? ती सक्ती तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या मूळ हद्दीपुरती होती, म्हणजे मुंबई शहर. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे नाही. कोर्टनाक्यावरच्या एखाद्या ज्युनियरनेही चहा पिता पिता सांगितलं असतं.

घोडबंदर_ग्रस्त
घेणाऱ्याच्या बँकेनेही मागितलं होतं. बरं, चला, तुमचं खरं. फोर्टवाल्याने माझं वर्ष घालवलं. इथल्याने माझं पाणी घालवलंय. कुठलं परवडलं ते तुम्हीच सांगा.

सीवूड्सकर
खाडीपलीकडचं, नवी मुंबईचंही ऐका. आमच्याकडे ठाण्याचा वकीलही परकाच. प्लॉट सिडकोचे, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, ६० वर्षांच्या लीजवर. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी, त्याचं वेगळं शुल्क. ते कोण भरणार हे करारनाम्यात लिहायला माझा नौपाड्याचा वकील विसरला. विकणारा म्हणे घेणाऱ्याने भरायचं, मी म्हणे विकणाऱ्याने. शेवटी निम्मं निम्मं, आणि बोलणं कायमचं बंद. फ्रीहोल्डच्या (जमीन लीजऐवजी मालकीची करण्याच्या) घोषणा ऐकून कोणी शुल्क माफ झालं समजू नका. बेलापूरला सिडको भवनात ज्याचं रोजचं येणं-जाणं आहे असाच माणूस धरा.
गावठाणातल्या इमारतीत मात्र वकील लावूनही उपयोग नाही. तिथे पायच ठेवू नका. २०१५ मध्ये दिघ्याच्या बेकायदा इमारती पाडायचा हायकोर्टाचा हुकूम आला, तो आठवा.

घणसोलीचा
सीवूड्सकर, ज्या जमिनीवर तुमचं सेक्टर उभं आहे ती आमच्या आज्यांची भातशेती होती. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळेपर्यंत माणसं म्हातारी झाली. गावठाण विस्ताराची मोजणी वर्षानुवर्षं लटकवली कोणी? आम्ही? दिघ्याच्या इमारती एमआयडीसी-सिडकोच्या जमिनीवर होत्या. गावठाणातलं वडिलोपार्जित घर आणि ते एका मापात मोजू नका.

सीवूड्सकर
भावना पोचल्या. पण कागद नाहीत, ओसी नाही, बँक कर्ज देत नाही. तिथे आयुष्याची पुंजी टाकू नका म्हणणं हा तुमचा अपमान कसा?

घणसोलीचा
"पाय ठेवू नका" म्हणालात. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे पाय तिथूनच येतात.

काळाकोट
मी याच धंद्यातला. नाव सांगणार नाही, बार कौन्सिलच्या नियमाने आम्हाला जाहिरात करता येत नाही.
लोक कधी येतात ते सांगतो. टोकन देऊन झालं, एमओयूवर (प्राथमिक करारावर) सह्या झाल्या, नोंदणीचा स्लॉट उद्या सकाळचा, आणि आज रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर करारनाम्याचे तिरपे फोटो. "सर, फक्त एक नजर टाका." त्या नजरेची फी किती म्हणून विचारलं की निळ्या टिका, उत्तर नाही. अहो, टोकनच्या आधी या. नंतर मी काहीही काढलं तरी तुम्ही म्हणणार, आता पैसे अडकलेत, बघून घेऊ.
घोडबंदर_ग्रस्त यांचा राग रास्त आहे, निष्कर्ष नाही. वकील फोर्टचा की कोर्टनाक्याचा हे नंतर बघा. आधी त्याला तोंडावर विचारा: या व्यवहारात समोरच्याचं किंवा ब्रोकरचं काम करता का? सर्च स्वतः घेणार की कोणाकडून आणवणार? जुन्या नोंदी सगळ्या ऑनलाइन सापडत नाहीत, रजिस्टर उघडावी लागतात. रिपोर्ट माझ्या नावाने, लेखी देणार का? जो चाचरतो त्याला नमस्कार करा.
रेराचा (गृहप्रकल्पांच्या नियामकाचा) नंबर बघून निर्धास्त होणाऱ्यांनी कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारती आठवाव्यात. खोट्या परवानग्यांवर रेरा नोंदणी घेतली होती, २०२४ मध्ये हायकोर्टाने पाडायला सांगितल्या. नंबर खरा, परवानगी खोटी.

हिशेबी
वकीलसाहेब, ते सगळं ठीक. मला खरा फटका टायटलने नाही, सोसायटीने दिला. एनओसीसाठी दीड लाख "देणगी". दिली नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर बँकेचा चेक नाही. याला कुठला वकील अडवतो?

सेक्रेटरीकाका
आता मला बोलावंच लागेल. बारा वर्षं सेक्रेटरी आहे, एक रुपया मानधन नाही. तुम्ही ऐंशी लाखांना घर विकून मोकळे होणार, आणि गळकी टाकी, लिफ्ट, स्ट्रक्चरल ऑडिट आमच्या गळ्यात. सोसायटीने काही मागितलं की लगेच लूट? आमच्याकडचा एकजण आठ महिन्यांचा मेंटेनन्स थकवून, घर विकून पुण्याला गेला. एनओसी हे एकच हत्यार आहे आमच्या हातात.

तलावपाळी
काका, थकबाकी जरूर वसूल करा, त्यावर कोणाचंच म्हणणं नाही. पण हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, २००१ च्या शासन निर्णयापासून. वर देणगी किंवा बिल्डिंग फंड या नावाने उकळायचं नाही. आणि आदर्श उपविधींप्रमाणे विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही, ती बँकेला लागते.

सेक्रेटरीकाका
२००१ ला पंचवीस हजारांत काय काय यायचं आणि आज काय येतं? तेव्हाचा आकडा अजून तिथेच. तो वाढवा म्हणून कोणी धागा काढत नाही.

घोडबंदर_ग्रस्त
पैशांचं सोडा, आमच्या कमिटीने घेणाऱ्याची मुलाखत घेतली. नोकरी काय, मुलं किती, आणि मग हळूच, "मासे वगैरे खाता का?" ठाण्यात! खाडीच्या काठावर! आमचा गिऱ्हाईक मालवणचा. उठून गेला.

सेक्रेटरीकाका
सगळ्या सोसायट्या तशा नसतात. मी स्वतः शुक्रवारी बाजारात असतो.

सीवूड्सकर
आमच्याकडे सरळ सांगतात, "तुमचंच बघा ना, सगळे आपल्यातलेच आहेत इथे." कोणाच्यातले ते बोलत नाहीत. वकील कुठे नोटीस पाठवणार? कागदावर काहीच नसतं.

घणसोलीचा
गावठाणात या. बोंबील पाहिजे तेवढे खा, मुलाखत नाही. कर्ज तेवढं मिळणार नाही.

सीवूड्सकर
हा टोमणा मान्य.

सेक्रेटरीकाका
विषय वकिलाचा होता ना? तुमच्यापैकी एकाने तरी वार्षिक सभेला कधी तोंड दाखवलंय का? सभेत कोरम नाही, आणि इथे सगळे कायदेपंडित.

हिशेबी
थांबा. २५ हजार? म्हणजे मी सव्वा लाख जास्त दिले?

तलावपाळी
पाच वकिलांची फी. ट्रॉल्या कशा आहेत?

हिशेबी
सॉफ्ट क्लोज आहेत. ठीक आहे, पुढच्या वेळी वकील लावीन, पण सोसायटीशी भांडायला. टायटल मीच बघणार.

काळाकोट
पावती आहे?

हिशेबी
आहे. "बिल्डिंग फंड, स्वेच्छेने." खाली माझी सही.

काळाकोट
एनओसीच्या पत्रावरची तारीख?

हिशेबी
त्याच दिवसाची.

काळाकोट
मग दोन्हींच्या प्रती जोडा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या. स्वेच्छा एनओसीच्याच दिवशी कशी उफाळून आली, हे सोसायटीला सांगू दे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

सेक्रेटरीकाका
द्या, द्या तक्रार. त्या कमिटीत पुढच्या निवडणुकीला उभं कोण राहणार, तेही अर्जात लिहा.