अनुभव धागा: कुत्रा ठणठणीत आहे हे कशावरून ओळखता? (गोवा)

पावसाळ्यात आपल्याकडचा प्रत्येक कुत्रा पडवीत मुटकुळं करून पडलेला दिसतो. त्यातला आळशी कोण आणि आजारी कोण, हे कळायला निरोगी अवस्था आधी डोळ्यांत बसलेली हवी. काय बघता, कसं मोजता, फसगत कुठे होते ते लिहा. ‘नाक ओलं म्हणजे बरा’ एवढंच नको. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं.

डिचोलीकर: सगळ्यात आधी हिरड्या. ओठ वर करून सुळ्यावरची हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. गावठी कुत्र्याच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट रंग आणि अंगावर गोचीड असतील तर एर्लिकिया किंवा बबेसियाचा (गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार) संशय घ्या. लघवी कडक चहाच्या रंगाची झाली तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा आजार) असू शकतो. तो माणसालाही होतो, म्हणून त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा.

माडाखालून: गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, कातडी भाजते. मादी अंडी घालते ती चिऱ्याच्या भिंतीच्या फटींत, त्यामुळे नुसता कुत्रा साफ करून भागत नाही. आणि आज अंग स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आजार चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीही डोकं वर काढतो.

पेडणे: श्वास झोपेत मोजा. छाती वर-खाली मिळून एक. मिनिटाला तीसच्या आत ठीक. गाढ झोपेतही रोज चाळीसच्या वर जात असेल तर हृदय-फुप्फुसं तपासून घ्या. जागेपणी मोजण्यात अर्थ नाही. दमट हवेत जिभेवरची ओल लवकर उडत नाही, मग तो उगाचच धापा टाकत राहतो.

डिचोलीकर: ताप राहिलाच. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात. कानाला हात लावून कळत नाही. आकडा वर गेला तरी घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. ब्रुफेनने मूत्रपिंड जातं.

सांगे: वजनासाठी बरगड्या चाचपा. पालथ्या हाताच्या हाडांसारख्या लागल्या तर छान, मुठीच्या गाठींसारख्या तर रोड, तळव्यासारख्या मऊ तर लठ्ठ. शीत-कढीवर पोसलेले बहुतेक तिसऱ्या गटात जातात!

माडाखालून: एक राहिलं. लाळ गळतेय, गिळता येत नाही, वागणं अचानक बदललंय, अशा कुत्र्याच्या हिरड्या बघायला जाऊ नका. घशात हाड अडकलंय समजून लोक तोंडात हात घालतात. तो रेबीज असू शकतो. लांबूनच कोंडून पशुवैद्यांना बोलवा. लाळ लागलीच असेल तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.