क्रिकेट सोडून गोल्फ धरलं, ड्रायव्हरचा बॉल कायम उजवीकडे. नवीन ड्रायव्हर घेऊ का?

ओपनर_मांजलपूर

नमस्कार मंडळी. कॉलेजपासून बरीच वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, उजव्या हाताचा ओपनर. गुडघ्यामुळे ते सुटलं आणि दिवाळीपासून गोल्फ शिकतोय. सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा, मध्यम अंतराचा क्लब) बऱ्यापैकी सरळ जातो. ड्रायव्हर, म्हणजे टीवरून लांब मारायचा क्लब, हातात घेतला की बॉल सरळ निघतो आणि पुढे उजवीकडे वळून झाडांत शिरतो. ताकद भरपूर आहे, असं कॅडीही म्हणतो. मित्र म्हणतात, ड्रायव्हर जुना आहे, नऊ डिग्री लॉफ्टचा (म्हणजे तोंडाचा मागचा कल कमी), नवा घे. चांगला नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या घरात जातो. घ्यावा का? शिवाय नोकरीमुळे सरावाच्या रेंजवर फक्त रविवारी जमतं. बाकीचे दिवस घरी काय करता येईल?

राजमहालरोड_काका

आत्ता अजिबात पैसे घालू नका. तुमचं वर्णन वाचताना मला नेटमध्ये वर्षानुवर्षं घोटून घेतलेला तुमचा डावा कोपर दिसला.

बडोद्यात बॅट ठेवून क्लब धरणारे पुष्कळ, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान करून घेतलं. पुढे १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः रणजी खेळलेले, त्यांनी ते नव्यानं तयार करून लोकांसाठी खुलं केलं. तिथे आलेले क्रिकेटवाले मी खूप वर्षं पाहतोय. हात जलद, नजर पक्की, आणि तरीही बहुतेकांचा ड्रायव्हर उजवीकडे.

कारण असं. स्ट्रेट ड्राइव्ह मारताना कोपर वर ठेवून बॅटचं पूर्ण तोंड शक्य तितका वेळ बॉलच्या रेषेत धरायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. बॅटला ते शोभतं, कारण तिचं पातं दांड्याच्या सरळ खाली असतं. गोल्फ क्लबचं डोकं दांड्याच्या एका बाजूला असतं. बॅकस्विंगमध्ये त्याचं तोंड उघडतं आणि बॉलपर्यंत येताना ते, दार बिजागरीवर मिटतं तसं, मिटत यावं लागतं. त्यासाठी दोन्ही हातांचे कोपरापुढचे भाग डावीकडे वळायला हवेत. तुम्ही कोपर वर खेचता, तिथे ते वळणं थांबतं, आणि क्लबही बाहेरून आत, अंगाकडे ओढला जातो.

आता बॉल काय सांगतोय ते बघा. तो निघतो साधारण फेस, म्हणजे क्लबचं तोंड, जिकडे बघतो तिकडे, आणि हवेत वळतो तो फेस आणि क्लबची वाट (क्लब ज्या दिशेनं फिरतो ती) यांच्यातल्या फरकामुळे. तुमचा सरळ निघतो, म्हणजे फेस जवळपास निशाणावर आहे. वाट डावीकडे कापत जाते, आणि त्या वाटेच्या मानानं फेस उघडा राहतो. तेव्हा ‘बॉल उजवीकडे पळतो म्हणून डावीकडे नेम धरून उभं राहायचं’, हा उपाय करू नका. वाट आणखी डावीकडे जाते आणि बॉल आणखी वळतो. सात नंबरच्या क्लबलाही हाच दोष लागतो, पण त्याचा लॉफ्ट जास्त, त्यामुळे बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) जास्त आणि वळण कमी दिसतं. नऊ डिग्रीचा ड्रायव्हर ते लपवत नाही. म्हणजे तुमचे मित्र क्लबबद्दल अर्धे बरोबर आहेत.

पहिली दुरुस्ती ग्रिपची, म्हणजे पकडीची. आयुष्यभर बॅट धरलेला माणूस दांडा तळव्यात धरतो. क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी ठेवा, मग मूठ मिटा. वरून पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन उंचवटे दिसले पाहिजेत, आणि अंगठा-तर्जनीमधली दोन्ही हातांची खाच उजव्या खांद्याकडे बघायला हवी. पहिले काही दिवस हे इतकं परकं वाटतं की हात आपोआप जुन्या जागी सरकतात. तेव्हा टीव्ही बघताना नुसता क्लब धरून बसा. खरंच सांगतो, सवय तिथेच बदलते.

दुसरी, टॉवेल. छोटा टॉवेल डाव्या काखेत दाबून, पाय जवळ घेऊन, सात नंबरनं कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग. बॉल लागल्यावर टॉवेल पडला तर कोपर सुटला. कमरेशी थांबून क्लबकडे बघा: डोक्याचं टोक आकाशाकडे असेल तर हात वळले. फेस आकाशाकडे असेल तर अजून स्ट्रेट ड्राइव्हच चालू आहे. हे गच्चीवर, बॉलशिवाय, रोज संध्याकाळी करता येतं. रविवारी रेंजवर गेलात की पहिली अर्धी टोपली याच अर्ध्या स्विंगची मारा. ड्रायव्हर शेवटी.

ड्रायव्हरची एक वेगळी गोष्ट. फलंदाज डोकं बॉलवर आणून, पुढच्या पायावर वजन टाकून खेळतो. आयर्नला ते पुष्कळसं चालतं. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) इतकी उंच की निम्मा बॉल क्लबच्या वर दिसेल, आणि डोकं बॉलच्या मागेच. क्लब वर जाताना बॉल लागायला हवा. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, आपल्या क्रिकेटच्या बॉलच्या एक तृतीयांशाहूनही हलका. त्याला ढकलावं लागत नाही.

अलकापुरी_फिजिओ

काकांचं पटतं. फक्त एक काळजी घ्या. रबराच्या मॅटवर दोनशे बॉल सलग मारलेत तर कोपराची आतली बाजू दुखायला लागते, कारण मॅटखाली सिमेंट असतं आणि क्लब आदळला तर जमिनीत घुसतो तसा तिथे आत जात नाही. गवतावर मारायला मिळालं तर ते निवडा, नाहीतर मध्ये थांबा. आणि सुरू करण्याआधी क्लब खांद्यांवर आडवा धरून हळूहळू कंबर आणि छाती दोन्हीकडे वळवा. पहिल्याच फटक्याला ड्रायव्हर घेऊ नका.

सयाजीगंज_वेज

ड्रायव्हर अजिबात बदलू नये, हे मला पटत नाही. ग्रिप बदलायला महिने जातात. तोवर प्रत्येक राऊंडमध्ये बॉल झाडांत घालून माणूस कंटाळतो. साडेदहा किंवा बारा डिग्रीचा वापरलेला ड्रायव्हर घ्या, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. किंवा टीवरून पाच नंबरचा वूड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, जास्त लॉफ्टचा क्लब) खेळा. फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) राहिलेला दीडशे यार्डांचा फटका मला झाडांमागच्या दोनशेपेक्षा प्रिय आहे.

ओपनर_मांजलपूर

काका, आत्ताच मोबाइलवर व्हिडिओ काढून बघितला. फेस सरळ आकाशाकडे! टॉवेल पहिल्याच स्विंगला खाली. दोन गोष्टी अजून विचारतो: घरी पटिंग (बॉल जमिनीवरून सरकवत कपात घालणं) कसं करायचं, आणि बाकीचे क्लब किती लागतात?

राजमहालरोड_काका

वा, निदान पक्कं झालं. सयाजीगंजकरांचं बरोबर आहे, टीवरून पाच नंबरचा वूड खेळा. त्यानं धीर टिकतो. वापरलेला ड्रायव्हर पुढे पाहू, तुमचा वेग बघून शाफ्टही (दांडाही) ठरवता येईल.

नियमाप्रमाणे पिशवीत चौदा क्लब चालतात, पण तुम्हाला पाच वूड, पाच नंबरचा हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज (जवळून उंच मारायचे) आणि पटर पुरेसे. मेच्या उन्हात पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका, डोकं चिकटवलेला गोंद मऊ पडतो. ग्रिप, म्हणजे दांड्यावरची रबरी आवरणं, घामानं गुळगुळीत होतात. कोमट साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा, तरी निसटत असतील तर बदलून घ्या. ग्रिप निसटली की आपण मूठ आवळतो, आणि आवळलेले हात वळत नाहीत. म्हणून मला नवीन ड्रायव्हरपेक्षा नव्या ग्रिप महत्त्वाच्या वाटतात. बॉल टिकाऊ, दोन थरांचे, स्वस्त घ्या.

पटिंग घरच्या फरशीवर होत नाही, बॉल फार पळतो. पातळ सतरंजी घ्या. पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद अंतर सोडून दोन्ही बाजूंना दोन टी किंवा नाणी ठेवा आणि त्यांना न लागता पटर मधून काढा. पुढे स्टीलचा पेला आडवा. खरा कप १०८ मिलिमीटरचा असतो, पेल्याचं तोंड त्याहून लहान, त्यामुळे ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) गेल्यावर कप मोठा दिसतो. पण दिशेइतकंच अंतर शिका. सतरंजीच्या पलीकडच्या कडेवर थांबणारा पट मारायचा प्रयत्न करा, कप नसताना.

ग्रीनवर आपल्याकडे बर्म्युडा गवत असतं आणि त्याला कल असतो. बॉलमागून पाहताना गवत चकाकत असेल तर ते कपाकडे झुकलेलं, पट पळतो. काळसर, न चकाकणारं दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं, जोर द्या. पावसाळ्यानंतर गवत दाट असतं तेव्हा हे फार जाणवतं.

आणि झाडांत गेला तर शोधायला तीनच मिनिटं, २०१९पासून नियम तसा आहे. हरवला असावा असं वाटलं की शोधायला निघण्याआधीच, सोबत्यांना सांगून प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) बॉल मारून ठेवा. सापडला तरी दोन खोडांच्या फटीतून ग्रीनचा नेम धरू नका. आडवा, फेअरवेवर काढा.

रविवारी सकाळी मी असतोच. सात नंबर आणि टॉवेल घेऊन या, ग्रिप तिथेच नीट करू.