साध्या स्मार्ट सेन्सरचे दिव्यापलीकडचे उपयोग सुचवा

सोल्डरगन:
होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे, झिगबी (अशा उपकरणांचं बिनतारी नेटवर्क) डोंगलही आहे. हाताशी दाराचे चार चुंबकी सेन्सर, दोन पीआयआर (हालचाल ओळखणारे सेन्सर), तापमान-आर्द्रतेचे दोन सेन्सर आणि वीज मोजणारा एक प्लग. दार उघडलं की दिवा लागतो, त्यापुढे काय करता येईल? शिवाय बाथरूमचा दिवा पीआयआरवर टाकला की माणूस आत असतानाच विझतो. वेळ वाढवली तर रिकाम्या खोलीत जळत राहतो. यावर उपाय आहे का?

वायरमन:
आधी बाथरूम. पीआयआरला उष्णतेतला बदल कळतो, स्वस्थ बसलेला माणूस कळत नाही. त्यामुळे नुसती वेळ बदलून हे सुटणार नाही. जोडीला दाराचा सेन्सर घ्या. दार लागल्यावर आत हालचाल दिसली, तर माणूस आतच आहे, कारण बाहेर पडायला दार उघडावंच लागतं. तोवर दिव्याला हात लावायचा नाही. दार उघडलं की तीन मिनिटांचा टायमर सुरू करा आणि हालचाल दिसली की तो पुन्हा पहिल्यापासून मोजा.

इथे एक मेख आहे. सेलवरचे बरेच पीआयआर एकदा हालचाल दिसली की मिनिट-दीड मिनिट 'हालचाल' असंच दाखवत राहतात. माणूस बाहेर पडून दार लावतो तेव्हा ही जुनी खूण तशीच असते. ती धरली तर दिवा कायमचा अडकतो. म्हणून ऑटोमेशनमध्ये नुसती स्थिती तपासू नका. दार लागल्यानंतर 'रिकामं'वरून 'हालचाल' असा नव्याने झालेला बदलच ट्रिगर (नियम सुरू करणारी घटना) म्हणून घ्या.

पीआयआर बसवताना माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा बघा. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा कळतो.

कोरडी_भिंत:
आर्द्रतेवर एक्झॉस्ट फॅन लावा, फार उपयोगी आहे. पण '७० टक्क्यांच्या वर गेलं की चालू' असा नियम करू नका, पावसाळ्यात फॅन दिवसभर फिरत राहील. एक सेन्सर बाथरूममध्ये, दुसरा शेजारच्या खोलीत ठेवा. फरक १५ टक्क्यांच्या वर गेला की चालू, ५ च्या खाली आला की बंद, आणि काहीही झालं तरी ३० मिनिटांनी बंद. दोन्ही खोल्यांच्या तापमानात बराच फरक असेल तर टक्क्यांची तुलना फसते, तेव्हा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) काढून तो ताडून बघा. सेन्सर शॉवरच्या वर नको. त्यावर पाणी साचलं की आकडा शंभराजवळ चिकटून बसतो.

रीडस्विच:
प्लग वॉशिंग मशीनला लावा. १० वॅटच्या वर एक मिनिट गेलं की सुरू, ५ वॅटच्या खाली सलग पाच मिनिटं राहिलं की 'कपडे झाले' असा निरोप. पाच मिनिटं अशासाठी की कपडे भिजत असताना मोटर मध्येच थांबते. पण हे आकडे तसेच उचलू नका. आधी एका पूर्ण धुण्याचा आलेख बघा आणि प्लग किती अँपिअरचा आहे तेही तपासा. याच ऑटोमेशनमधून मशीनची वीज तोडायची नाही, फक्त निरोप पाठवायचा.

आता माझी आवडती युक्ती. दाराच्या बऱ्याच सेन्सरमध्ये काचेच्या नळीतला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा संपर्क) असतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वायर सोल्डर करा आणि चुंबक दूर ठेवा. त्या वायरींना फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा) जोडलात की टाकी भरल्याचा निरोप मिळतो. बटण जोडलंत की बिनतारी बेल होते. अट एकच, बाहेरून व्होल्टेज येता कामा नये, नुसता कोरडा संपर्क हवा. सोल्डरिंग करताना नळीच्या अगदी मुळाशी वायर वाकवू नका, काच तडकते.

लोखंडी कपाटावर सेन्सर लावायचा असेल तर खाली काही मिलिमीटर लाकूड किंवा प्लॅस्टिक घाला. पत्रा चुंबकाची ओढ खातो आणि रेंजही.

वायरमन:
रेंजवरून आठवलं, डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये थेट खोचू नका. त्या पोर्टचा गोंगाट झिगबी वापरतं त्या २.४ गिगाहर्ट्झवरच येतो. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून तो लांब ठेवा. सेलवरचे सेन्सर एकमेकांचा सिग्नल पुढे पाठवत नाहीत, प्लग मात्र पाठवतो, त्यामुळे झिगबी प्लग असेल तर तो सेन्सर आणि डोंगलच्या वाटेत येईल असा बसवा.