शब्दचर्चा: केमोनो, केमोनोमिमी, ज्यूजिन – नेमका फरक काय आणि मराठीत काय म्हणावं?

रेघोटी:
दोन पायांवर उभे राहणारे, कपडे घालणारे, मोठ्या डोळ्यांचे प्राणी जपानी चित्रकार ज्या शैलीत काढतात तिला ‘केमोनो’ म्हणतात. मराठी लिखाणात हा शब्द दिसला की तीन घोळ ठरलेले असतात. कुणी त्याला सरसकट ‘जपानी फर्री’ म्हणतं (फर्री म्हणजे माणसासारख्या प्राणीपात्रांचा पाश्चात्त्य चाहतावर्ग आणि त्याची चित्रं), कुणी मांजराचे कान असलेल्या मुलीच्या चित्रालाही केमोनो म्हणतं, आणि कुणी चक्क ‘किमोनो’ लिहून मोकळं होतं. व्युत्पत्ती, नेमका वापर, शिवाय चित्र मागवताना किंवा पोशाख शिवताना लागणारे कामाचे शब्द इथे जमवू या. ‘चेतनगुणोक्ती’ हा मराठी पर्याय चालेल का, तेही सांगा.

घाटमाथा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चेतनगुणोक्ती चालणार नाही. त्या अलंकारात अचेतन वस्तू सचेतन होऊन वागते: डोंगर बोलतो, वारा रुसतो. कोल्हा मुळातच सचेतन आहे, त्याला आपण फक्त माणूसपण देतो. ‘मानवीकरण’ जास्त बरोबर, पण ते क्रियेचं नाव झालं. शैलीचं नाव म्हणून ‘केमोनो’च ठेवावं.

व्युत्पत्ती अशी. ‘के’ म्हणजे केस, ‘मोनो’ म्हणजे वस्तू. अंगभर केस असलेली वस्तू ती केमोनो, म्हणजे जनावर. ‘किमोनो’तला ‘मोनो’ हाच, पण आधीचा ‘कि’ नेसण्या-घालण्याच्या क्रियापदाचा. आपल्या ‘केस’शी ‘के’ जुळतो हा निव्वळ योगायोग, त्यावर नातं जोडू नये. याचाच भाऊ ‘केदामोनो’. त्यातला ‘दा’ हा षष्ठीचा जुना प्रत्यय, म्हणजे ‘केसांची वस्तू’. फळाला जपानीत ‘कुदामोनो’ म्हणतात, ती ‘झाडाची वस्तू’, घडण तीच. ‘केदामोनो’ शिवी म्हणूनही चालतो, आपण एखाद्याला ‘जनावर आहेस’ म्हणतो तसा. ‘केमोनो’ला तेवढी धार नाही.

गंमत म्हणून एक: केमोनोच्या कांजी चिन्हात (कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चित्रलिपी) उजवीकडे कुत्र्याचं चिन्ह आहे, आणि आपल्या ‘श्वापद’मध्येही श्वान आहेच.

तीनमजली:
लिपीचाही अर्थावर परिणाम होतो. कांजीत लिहिलं तर साधं जनावर. कांजीखेरीज जपानीत काताकाना आणि हिरागाना या दोन उच्चारलिपी आहेत. चाहते शैलीसाठी लिहितात ते बहुधा काताकानात. हिरागानात शोधलं की ‘केमोनो फ्रेंड्स’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेची चित्रं पुढे येतात. त्यातली पात्रं कान-शेपटीवाल्या मुली आहेत, म्हणजे नावात केमोनो आणि चित्रात केमोनोमिमी. निम्मा गोंधळ तिथूनच पसरतो. पिक्सिव्हवर (चित्रं टाकायचं हे जपानी संकेतस्थळ २००७ पासून आहे) शोधताना काताकानातला टॅग घ्या, आणि नको असलेला ‘केमोमिमी’ वजा चिन्ह लावून वगळा.

शब्द तीन, त्यांची कामंही तीन:

केमोनोमिमी (बोलताना केमोमिमी): ‘मिमी’ म्हणजे कान. चेहरा, त्वचा, हात माणसाचे. कान आणि शेपूट प्राण्याची.

ज्यूजिन: ‘पशु-मानव’. ही जात सांगणारी संज्ञा, शैली सांगणारी नव्हे. तेलरंगात वास्तववादी लांडगामाणूस काढला तरी तो ज्यूजिनच.

केमोनो: चेहरा प्राण्याचा, अंगावर लव, आणि काढण्याची पद्धत जपानी चित्रकथेची.

जपानी चित्रकार ‘फारी’ (म्हणजे आपलं फर्री) म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पाश्चात्त्य धाटणीचं चित्र असतं: लांब मुस्कट, ठळक भुवया, दात दाखवणारं हसू. अमेरिकेतला हा चाहतावर्ग १९८०च्या दशकात विज्ञानकथा संमेलनांच्या कडेकडेने वाढला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचं स्वतंत्र संमेलन भरलं. जपानी शाखेला दोजिनशीची, म्हणजे स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांची, परंपरा मिळाली. अशा पुस्तिकांचा बाजार, तोक्योचं कॉमिक मार्केट, १९७५ पासून भरतं. केवळ केमोनोंसाठी ‘केमोकेट’ हा बाजार भरतो, त्याचं नावही कॉमिक मार्केटच्या ‘कॉमिकेट’ या लघुरूपावरूनच बेतलेलं. म्हणून ‘जपानी फर्री’ हे भाषांतर ढोबळ ओळख करून देण्यापुरतं ठीक, व्याख्या म्हणून चुकीचं.

चाहत्याला ‘केमोनाऽ’ म्हणतात. केमोनोला इंग्रजी ‘-अर’ जोडलाय. शेवटचा स्वर लांबवायचा, नाहीतर मराठी कानाला ते ‘केमो ना?’ असं ऐकू येतं.

अक्षरवेल्हाळ:
लेखनाबद्दल. ‘जूजिन’ लिहिलंत तर मराठी वाचक ‘जू’ दंततालव्य वाचणार, बैलाच्या मानेवरच्या जूसारखा. जपानी उच्चार तालव्य आहे, म्हणून ‘ज्यूजिन’. हिंदीत ही अडचण नाही, त्यामुळे हिंदीतून उचललेली रूपं तपासून घ्यावीत. ‘च’चंही तसंच: प्राण्यांच्या जुन्या जपानी गंमतचित्रांचं नाव ‘च्योज्यू-जिंबुत्सु-गिगा’ लिहा, ‘चोजू’ नको.

घाटमाथा:
त्या गिगाचं नाव निघालंच आहे तर: क्योतोच्या कोझान-जी मठाच्या मालकीचे हे चार गुंडाळीपट, बाराव्या-तेराव्या शतकांतले. ससे, बेडूक, माकडं नदीत डुंबतात, कुस्ती खेळतात. एक बेडूक सशाला चीत करतो. केमोनोचा उगम म्हणून याचा दाखला सर्रास देतात. मला ते ओढूनताणून वाटतं. गिगातले प्राणी अंगाने प्राणीच आहेत, वागणं तेवढं माणसाचं. केमोनोत शरीरच माणसाच्या मापाने बेतलेलं असतं. त्यापेक्षा छापचित्रकार उतागावा कुनियोशी (मृत्यू १८६१) जवळचा. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला तेन्पो सुधारणांनी, म्हणजे सरकारच्या कडक नियमांनी, नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, तेव्हा त्याने नटांचे चेहरे मांजरांना दिले. बघणाऱ्याला नट ओळखू यायचा, आणि कागदावर तर मांजरच.

पिंपळपान:
मग नृसिंह, हयग्रीव, गणपती हे ज्यूजिन धरायचे का?

तीनमजली:
नाही. जपानमध्येही धरत नाहीत. गणपती तिथे ‘कांगितेन’ म्हणून बौद्ध देवळांत आहे, हत्तीच्या डोक्याचा. हयग्रीव ‘बातो कान्नोन’ झाला, त्याच्या मुकुटावर घोड्याचं डोकं असतं. दोघांनाही कुणी केमोनो किंवा ज्यूजिन म्हणत नाही. देवाचं रूप वेगळं, काल्पनिक जात वेगळी. मराठीत ‘नरपशू’ हा शब्दही टाळा, त्याचा अर्थ क्रूर माणूस असा पक्का बसलाय. जात सांगायची तर ‘प्राणीमानव’.

सुईदोरा:
आता कामाचे शब्द. चित्र किंवा पोशाख मागवताना सगळ्यात आधी ‘केमो-दो’ सांगायचा. ‘दो’ म्हणजे अंश, प्रमाण. सर्वमान्य पट्टी नाही, पण पायऱ्या साधारण अशा सांगतात:

१ – माणूस, फक्त कान-शेपूट
२ – चेहरा माणसाचा, हातपायांवर लव, पंजे
३ – डोकं, त्वचा, शेपूट सगळं प्राण्याचं, पण दोन पायांवर
४ – जवळजवळ खरा प्राणी, चार पायांवरही चालेल असा

आकडे प्रत्येक चित्रकाराचे वेगळे, म्हणून नुसतं ‘केमो-दो ३’ लिहू नका. नाक पुढे येतं की नाही, हाताला बोटं किती, तळव्याला गादी आहे का, हे शब्दांत लिहा. नुसतं ‘फॉक्स गर्ल’ सांगितलं की पहिल्या पायरीचं चित्र येतं, आणि मग भांडण. पहिल्या पायरीत आणखी एक फट आहे: माणसाचे कान झाकायचे की दाखवायचे? दोन्ही जोड्या दिसल्या तर त्याला ‘योत्सुमिमी’, चार कानी, म्हणतात. काहींना ते मुळीच खपत नाही.

दुसरा शब्द ‘तोशिन’: उंची डोक्याच्या किती पट. मोठा माणूस साधारण सात-साडेसात तोशिन, बाळबोध चिबी (मोठ्या डोक्याचं बुटकं पात्र) दोन-तीन. इथे पोशाख शिवणारे अडकतात. हिशोब मांडते. माणूस १६० सेंमी, त्याचं डोकं २२, म्हणजे हनुवटीपर्यंत १३८. तळवे ३ सेंमी जाड. पोशाखाचं डोकं ४० सेंमी घेतलं तर एकूण १८१, म्हणजे साडेचार तोशिन. चित्रातला तीन तोशिनचा कोल्हा प्रत्यक्षात आणायचा तर डोकं ७० सेंमी उंच लागेल. केमोनो डोकी गालांमुळे रुंदही असतात, तेव्हा दारातून आडवं होऊन जावं लागेल आणि मान दुखेल ती वेगळीच. म्हणून पोशाखासाठीचं चित्र आधीच साडेचार-पाच तोशिनमध्ये काढून घ्या.

तिसरा ‘सानमेन्झु’: समोरून, बाजूने, मागून अशी तीन चित्रं. केमोनोत ते चुकवून चालत नाही, कारण या शैलीत समोरून मुस्कट जवळपास सपाट दिसतं: एक ठिपक्याएवढं नाक, खाली तोंडाची रेघ. बाजूने ते किती पुढे येतं ते समोरच्या चित्रातून कळतच नाही. शिवणारा अंदाजाने चार सेंमी देतो, मागवणाऱ्याच्या मनात आठ असतात. शेपटीची लांबी, मागच्या पट्ट्यांची संख्या, गाद्यांचा रंग हेही त्याच कागदावर. रंग नावाने नको, कोडने द्या. ‘क्रीम’ दहा जणांचं दहा प्रकारचं असतं.

अक्षरवेल्हाळ:
‘मुस्कट’ खटकतं. ‘मुस्कट फोडीन’ याखेरीज कुठे वापरतो आपण?

सुईदोरा:
खटकू दे. ‘थूथन’ हिंदी, ‘नाकाड’मध्ये तोंड येत नाही, आणि ‘मुसकं’ म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. जपानीत इंग्रजीवरून ‘मझुरु’ म्हणतात. मुस्कट नको असेल तर ‘तोंडाचा पुढचा भाग’ लिहा.

‘निकुक्यू’साठी मात्र आपल्याकडे चांगला शब्द आहे: पंजाची गादी. मांजराच्या पुढच्या पंजाला सात गाद्या (बोटांच्या पाच, मधली एक, मनगटाची एक), मागच्याला पाच (बोटांच्या चार, मधली एक). हातमोजे शिवताना बहुतेक जण मनगटाची गाळतात, ते ठीक. पण मागच्या पायाला पाच बोटं काढली की प्राणी ओळखणारा लगेच बोट ठेवतो.

पिंपळपान:
पोशाखाला ‘किगुरुमी’ म्हणतात ना? त्याला ‘सोंग’ कसं वाटतं? जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचवतात, अर्थ जवळचा आहे.

सुईदोरा:
‘किगुरुमी’ हा ‘किरु’ (घालणे) आणि ‘नुइगुरुमी’ (शिवून भरलेलं खेळणं) यांतून आलाय, म्हणजे अंगात घालायचं खेळणं. तो फार पसरट शब्द आहे. कुमामोतोचं २०१० मधलं कुमामोन हे काळं अस्वलही किगुरुमीच, पण ते प्रांताचं प्रचारचिन्ह. केमोनो चाहत्यांशी त्याचा संबंध नाही. जपानबाहेर तर टोपीवाल्या प्राणी-पायजम्यालाही किगुरुमी म्हणतात. म्हणून ‘केमोनो किगुरुमी’ असं पूर्ण लिहा.

‘सोंग’ म्हणजे भूमिका, कापड नव्हे, शिवाय ‘सोंग करतोय’मधला खोटेपणा चिकटतो. ‘केमोनो पोशाख’ पुरे. मुखवटाही म्हणू नका, हे पूर्ण डोकं असतं.

शिवणाऱ्यांसाठी थोडं. फरचं कापड उलट्या बाजूने, पात्याने, फक्त पाठीचं विणकाम कापत कापायचं. कात्री चालवली की लवही तुटते आणि शिवणीवर टक्कल दिसतं. प्रत्येक तुकड्यावर लव कुठल्या दिशेने झुकते त्याचा बाण आधीच काढा. चेहऱ्यावर ती नाकापासून मागे जाते. एक तुकडा उलटा लागला तर रंग एक असूनही तो डाग पडल्यासारखा दिसतो, कारण प्रकाश वेगळा परावर्तित होतो. शिलाईला माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) ठेवा, पण मायेवरची लव छाटून टाका, नाहीतर शिवण फुगते. चेहऱ्यावरची लव यंत्राने पाच ते दहा मिमीवर आणतात. एकदम खोल न जाता थर थर काढत जा. हॉट ग्लूने जोडलेलं डोकं मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर सांधे सुटतात. धुताना गार पाणी, आणि वाळवताना ड्रायरची गरम हवा नको. हे धागे कृत्रिम असतात, टोकं आखडून कुरळी होतात आणि विंचरूनही सरळ होत नाहीत.

तीनमजली:
डोळ्यांचं राहिलं. बुबुळ जाळीवर छापलेलं असेल तर डोक्याची आतली बाजू काळी हवी. आत उजेड आला की बाहेरून माणसाचे डोळे दिसतात आणि आतून बाहेरचं अंधुक दिसतं. बुबुळ पारदर्शक प्लास्टिकचं असेल तर वाफ धरते, म्हणून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात फट ठेवून तिथून बघतात. पायाजवळचं काहीच दिसत नाही. यासाठीच सोबत ‘आतेंदो’, म्हणजे हात धरून नेणारा सोबती, असतो. जिना, लहान मुलं आणि आतल्याची तहान बघणं हे त्याचं काम. आतल्या माणसाला ‘नाका नो हितो’ म्हणतात. डोकं चढवलेलं असताना त्याचं नाव घेऊन हाक मारणं असभ्य समजतात. पात्राच्या नावाने बोलवायचं.

रेघोटी:
‘उचि नो को’ यात बसतं का? इंग्रजीतल्या ‘फर्सोना’ला समांतर म्हणून देतात.

घाटमाथा:
समांतर नाही. फर्सोना म्हणजे प्राण्याच्या रूपातले आपण स्वतः. ‘उचि नो को’ म्हणजे ‘आमच्या घरचं लेकरू’: आपण घडवलेलं पात्र, ते आपलं रूप असेलच असं नाही. एकाची अशी दहा लेकरं असू शकतात. दुसऱ्याचं ते ‘योसो नो को’. परक्याचं लेकरू काढण्याआधी त्याच्या पानावरची सूचना वाचायची: चाहत्यांनी काढलेलं चालेल का, पुन्हा टाकलेलं चालेल का. ‘मुदान तेन्साइ किन्शी’ दिसलं तर विनापरवानगी इतरत्र टाकायला मनाई आहे. खाली श्रेय लिहिलं म्हणून ती मनाई उठत नाही, आणि मराठी पानांवर नेमकं हेच सतत होतं.

अक्षरवेल्हाळ:
व्याकरणाचं सांगून टाकते. ‘केमोनोज’ नको, जपानीत असं अनेकवचन नाही आणि आपल्यालाही त्या ‘ज’ची गरज नाही. एक केमोनो, चार केमोनो. लिंग नपुंसक ठेवा, ‘पात्र’ अध्याहृत धरून: ‘ते केमोनो’. सामान्यरूपात बदल नाही: केमोनोचं, केमोनोला, केमोनोत. शैली म्हणायची तर ‘केमोनो शैली’, स्त्रीलिंगी.